समांदोकेचं सुतक

मुलांना मी आधी झाड दाखवतो, गोष्ट नंतर.

पुस्तकात तिचं नाव युक्का आहे. आमच्याकडे तिला समांदोका म्हणतात. बुंधा माणसाच्या कमरेएवढा जाड, उंची एकावर एक उभ्या केलेल्या दोन-तीन माणसांएवढी. डोक्यावर कट्यारींसारख्या पानांचा झुबका आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दाभण. खाली जुन्या, वाळलेल्या पानांचा घागरा. चुनखडीच्या उतारावर जिथे दगडसुद्धा उन्हाने तडकतो, तिथे ती सुखाने उभी असते. झुबक्याच्या अगदी मधोमध, अजून न उघडलेल्या पानांची घट्ट गुंडाळी असते. तो पोंगा. आम्ही तो ओढून काढतो, वाफवतो, खरवडतो आणि त्याचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, विकतो. गावाचं पोट त्यावर चालतं. पोंग्याच्या खाली गाभा असतो. पोंगा काढला तर झाड पुन्हा नवा देतं. गाभ्याला पातं लागलं तर झाड मेलं. आमच्या मुलांना बोलता येण्याआधी एवढं कळतं.

दुसरी गोष्ट झाडांच्या ओळींची. जवळजवळ प्रत्येक घराची उतारावर आपली एक ओळ असते. पोंगे काढलेल्या झाडांची डोकी भादरल्यासारखी, विरळ दिसतात. घरात कुणी वारलं की त्या घराची ओळ पुढचा फुलोरा येईपर्यंत कुणी शिवत नाही. पोंगे उमलतात, पानं होतात, डोकी भरून येतात. खोऱ्याच्या पलीकडच्या कड्यावरून बघितलं तरी कळतं, अमक्याच्या घरी माणूस गेलं. याला आम्ही झाडांचं सुतक म्हणतो. सुतकाचं वर्ष म्हणजे उपाशी वर्ष, म्हणून ते कुणी उगाच पाळत नाही. आणि म्हणूनच त्यावर कुणी संशय घेत नाही.

आता लिब्रादा आणि नासारिओची गोष्ट.

क्रांतीच्या लढाया संपल्या होत्या, पण आमच्या खोऱ्यातली जमीन अजून जहागिरीचीच होती. उतारावरच्या समांदोका मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्या, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं. मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. जहागिरीची गुरं उभ्या उभ्या मरू लागली. मुकादम किरिनो बेर्लांगाने हुकूम काढला की समांदोका तोडा, गाभा चिरा आणि गुरांना घाला. गुरं त्यावर जगतात, हे खरं आहे. मुलांना मी हेही सांगतो. फक्त एका गाईच्या चार दिवसांसाठी माणसाच्या आज्याएवढं जुनं झाड जातं.

त्या सकाळी नासारिओ आणि त्याची मोठी बहीण लिब्रादा आपल्या ओळीत काम करत होते. लांब काठीच्या टोकाला लोखंडी कडं असतं. ते पोंग्यावर अडकवायचं, काठी तिरपी करून पिळायची, की पोंगा कट्‌दिशी सुटतो. लिब्रादा पिळत होती, नासारिओ कोयत्याने बुडखे साफ करत होता. मुकादमाचा धाकटा भाऊ एवारिस्तो चार कुऱ्हाडवाल्यांना घेऊन वर आला. शेजारची ओळ त्यांनी आदल्या दिवशीच आडवी केली होती.

नासारिओने कोयता खाली ठेवला. टोपी काढली आणि झाडासमोर जाऊन उभा राहिला.

"ही ओळ आमच्या आज्याची आहे, एवारिस्तो."

"मग आज्याला जाऊन सांग, गाय उपाशी आहे म्हणावं."

कुऱ्हाडवाले हसले. त्यातले दोघे आमच्याच गावचे होते, तेही हसले. नासारिओ बाजूला झाला नाही. एवारिस्तोने कुऱ्हाड उलटी धरून दांड्याचा फटका त्याच्या तोंडावर मारला. नासारिओ गुडघ्यावर आला, ओठ फाटला, दात मातीत पडले. त्याच्या डोक्यावरून एवारिस्तोने कुऱ्हाड फिरवली. झाड ओळीतलं सगळ्यात ठेंगणं होतं. कुऱ्हाड थेट गाभ्यात बसली आणि पांढरा रस एवारिस्तोच्या हातावर उडाला.

नासारिओने मातीतून कोयता उचलला. वार एकच केला, मान आणि खांदा यांच्या मधोमध. एवारिस्तोने दोन्ही हात गळ्याशी नेले, जणू सैल झालेला रुमाल बांधतोय. तसाच तो झाडावर रेलला आणि खाली घसरला. कुऱ्हाडवाले पळाले, ते पुन्हा त्या ओळीत कुऱ्हाड घेऊन चढले नाहीत.

आरडाओरडा ऐकून किरिनो घोड्यावरून आला. भाऊ बघितला आणि खोगिरावरूनच बंदूक चालवली. गोळी नासारिओच्या मांडीतून आरपार गेली. किरिनो दुसरी गोळी भरत होता तोवर लिब्रादाने काठीचं कडं घोड्याच्या नाकाडावर हाणलं. घोडा दोन पायांवर उभा राहिला. किरिनो मागच्या मागे उडाला तो एका कोवळ्या समांदोकेच्या डोक्यावर आणि घरंगळताना तोंडावर उलटला. एक दाभण त्याच्या डाव्या डोळ्यात शिरलं आणि आतच मोडलं. माणसाचा तसा आवाज गावाने लढाईतही ऐकला नव्हता. लिब्रादाने भावाला काखेत धरून ओढलं आणि दोघं घळीत उतरली.

तोरिबिओ मामा तिथे शेळ्या चारत होता. तो त्यांचा सख्खा मामा नव्हे, पण सगळ्या गावाचा मामा होता. बायको वारलेली, मूल नाही, समांदोकांची ओळ नाही, फक्त शेळ्या आणि चर्चमागची एक झोपडी. त्याने नासारिओला गाढवावर घातलं आणि डोंगरातल्या एका कपारीत नेऊन ठेवलं. ती जागा फक्त त्याला ठाऊक होती. लिब्रादालाही त्याने सांगितली नाही. म्हणाला, तुला माहीत नसेल तर तुझ्या तोंडून निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी किरिनो माणसं घेऊन लिब्रादाच्या घरी आला. अर्ध्या चेहऱ्याला फडकं गुंडाळलेलं, त्यातून पाणी गळत होतं. आमची घरं तेव्हा समांदोकेच्या बुंध्यांची आणि तिच्याच वाळल्या पानांनी शाकारलेली असत. एक काडी पुरली. छप्पर एका श्वासात गेलं. लिब्रादाला त्याने गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि चाबकाने मारलं. पाठीची कातडी सुटेपर्यंत तो प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता, कुठे आहे. तिची आई कासिमिरा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणत, अंगणात दगडावर बसली होती. दोघांनी तिला धरून ठेवलं होतं. एक फटका चुकून खांबावर बसला तेव्हा म्हातारी म्हणाली, "एका डोळ्याने नेम लागत नाही वाटतं, मुकादम?"

किरिनोने वळून तिच्या थोबाडीत मारली. मग चाबूक गुंडाळत शांतपणे म्हणाला, "मला दुसरं काही नको, दोन्या. तुमचा मुलगा तेवढा हवा. मिळेपर्यंत मी येत राहीन."

मायलेकी तोरिबिओच्या झोपडीत राहायला गेल्या. जळलेलं घर तसंच काळं उभं राहिलं, त्याच्या चुलीतून पुन्हा धूर निघाला नाही. हे लक्षात ठेवा, असं मी मुलांना इथे सांगतो.

मामा शेळ्या घेऊन वर जायचा, नासारिओला भाकरी आणि घेवडा द्यायचा, समांदोकेच्या मुळ्या ठेचून त्यांच्या फेसाने जखम धुवायचा. पाय वास मारत होता, मग वास कमी झाला. बेत ठरला होता. पायावर भार घेता आला की नासारिओने डोंगराच्या वाटेने उत्तरेला, नदीपलीकडच्या खाणीत चुलतभावाकडे निघून जायचं. पण डोंगरातून उत्तरेला जायला एकच खिंड होती आणि तिच्यावर किरिनोचे बंदूकवाले बसले होते. ते उठले तरच नासारिओ जगणार होता. लिब्रादाला दिवसरात्र दुसरा विचार नव्हता.

एके दिवशी पायवाटेवर किरिनो आणि त्याच्या माणसांनी मामाची झोळी उघडली.

किरिनोने भाकरींकडे बघितलं. "एकट्या म्हाताऱ्याला एवढ्या भाकरी?"

"शेळ्या लाडावल्यात," मामा म्हणाला.

त्यांनी त्याला मेस्कीटच्या झाडाला हात मागे बांधून टांगलं. खांदे निखळले. मग खाली उतरवून घोड्याला बांधलं आणि चुनखडीवरून फरफटत नेलं. गावात आणलं तेव्हा पाठ उरली नव्हती, तोंडात दात नव्हते. चर्चसमोर टाकला तेव्हा तो जिवंत होता, पण बोलला काहीच नाही. दुपारी मेला. शेळ्या आपण होऊन घरी आल्या.

आता वर कुणी जाणारं उरलं नाही. लिब्रादाला जागा ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी तिच्यामागे चार माणसं फिरत होती. मामाला पुरून आल्यावर ती स्वतःच किरिनोकडे गेली. जहागिरीच्या आवारात सगळ्यांसमोर म्हणाली, आता पहारा कुणासाठी? नासारिओचा पाय काळा पडला आणि तो मेला. मामानेच त्याला दगडांखाली घातला. मामा भाकरी नेत होता तो स्वतःसाठी, रात्री वरच राहायचा म्हणून.

"मला का नाही सांगितलं त्याने?" किरिनोने विचारलं.

"तू विचारलंस तेव्हा त्याच्या तोंडात दात ठेवले होतेस का?"

 किरिनो जन्मापासून मुकादम नव्हता. त्याची आई वाख खरवडून खरवडून मनगटं वाकडी झालेली बाई होती. तो म्हणाला, "शब्दाला मी किंमत देत नाही, लिब्रादा. पोंगे खोटं बोलत नाहीत. बघू तुझी ओळ."

त्या संध्याकाळी लिब्रादाने आईला सांगितलं की ओळ सुतकात टाकायची. दोन्या कासिमिरा निवडुंगाची पात सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"जिवंत माणसाचं सुतक धरू नये, पोरी. सुतक मग माणसाला हुडकत फिरतं."

"त्याला हुडकत आत्ता बंदुका फिरतायत, आई."

 दुसऱ्या दिवशी म्हातारीने काळी शाल पांघरली आणि गावातून तशीच चालत गेली, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारणी सांत्वनाला आल्या. तिने डोळ्यांतून पाणी काढलं. ते खोटं नव्हतं. मुलगा जिवंत आहे की नाही, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं.

त्यानंतरचे महिने लिब्रादाला कधी विसरता आले नाहीत. दुसऱ्यांचे पोंगे खरवडून देऊन मूठभर मका मिळायचा. पाठीवरच्या ओल्या जखमांना झगा चिकटायचा आणि ती बोथट सुरीने खरवडत राहायची. मामाच्या शेळ्या एकेक करून खाऊन संपल्या. मेस्कीटच्या शेंगा दळून त्यांची भाकरी, नाहीतर निवडुंग. म्हातारीच्या पायाला सूज आली. आणि समोर उतारावर त्यांच्या ओळीतला पोंगा न्‌ पोंगा तयार, ओढला की संध्याकाळी चूल पेटेल असा. लिब्रादा रोज तिथे जायची, कुणी चोरून काढू नये म्हणून राखण करायची. पोंगे सैल झाले. मग बाहेरचं एकेक पान सुटलं. मग डोकी भरली.

एकदा किरिनो तिथे आला. घोड्यावर मक्याचं पोतं होतं. ते त्याने तिच्या पायाशी टाकलं, कडं लावलेली काठी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "एक काढ. एकच. पोतं तुझं. म्हातारीची तब्येत बरी नाही, ऐकलं मी."

लिब्रादाने काठी जमिनीवर ठेवली.

किरिनोने ती उचलली आणि तिच्या बरगड्यांवर मारली. ती पडली. त्याने पुन्हा काठी तिच्या हाताशी टाकली आणि थांबला. तिने हात मागे घेतला. त्याने पुन्हा मारलं. बरगडी मोडल्याचा आवाज त्याच्या माणसांनी ऐकला. तिसऱ्यांदा त्याने काठी उगारली आणि तशीच धरून ठेवली. मान वळवून एका डोळ्याने त्याने सगळी ओळ बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग टोपी काढली.

"म्हणजे खरंच मेला," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. ज्याला स्वतः मारायचं होतं तो हातचा निसटला होता. पोतं त्याने तसंच सोडलं. लिब्रादा मोडक्या बरगडीने पडून होती. तिने त्या पोत्याला हात लावला नाही. पाखरांनी खाल्लं.

पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात खिंडीतले बंदूकवाले उठले. लिब्रादाने घाई केली नाही. हा सापळा असेल, तर तिने डोंगराकडे नुसतं बघितलं तरी किरिनोला कळेल, असं तिला वाटलं. तिने स्वतःला बजावलं की अजून थोडे दिवस कळ काढ, तोवर त्याचा त्यालाच रस्ता मोकळा दिसेल आणि तो जाईल.

त्याला रस्ता मोकळा दिसला. हे त्याने नंतर स्वतः सांगितलं.

मामा येईनासा झाला तेव्हापासून नासारिओ उंदीर, सरडे आणि निवडुंगाची बोंडं खाऊन जगला होता. पाय लंगडा पण चालता झाला होता. बंदूकवाले खिंडीतून उतरून जाताना त्याने बघितले. भाकरीच्या तुकड्यावर मुंगी जावी तसा तो खिंडीकडे निघाला. खिंडीच्या तोंडाशी कडा आहे, तिथून सगळं खोरं दिसतं. नदीपलीकडे जाण्याआधी एकदा घर बघावं म्हणून तो कड्यावर गेला.

घर काळं होतं. धूर नव्हता. आणि उतारावर, भादरलेल्या ओळींच्या मध्ये, त्याची ओळ डोकी भरून हिरवीगार उभी होती.

खोट्याचा विचार त्याच्या मनात आलाच नाही. आमच्यातल्या कुणाच्याही आला नसता. ते सुतक स्वतःचं आहे, हे तर त्याहून नाही. तो हयात होता, मग गेलं कोण? बहीण दणकट. आई म्हातारी, आणि घर जळलेलं. तो तिथे दगडावर बसला आणि रडला. खिंड मागे उघडी होती. पण आईचं थडगं न बघता परमुलखात जाणारा मुलगा आमच्याकडे जन्मत नाही. उमललेल्या पोंग्यातलं पहिलं पान मुलाने नेऊन थडग्यावर ठेवायचं असतं, नाहीतर आईला वाट सापडत नाही. तो डोंगर उतरला.

रविवारची दुपार होती. ओळीतल्या पहिल्या झाडाचं एक पान त्याने कापलं आणि दफनभूमीकडे गेला. ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे आहे. नवं थडगं त्याला एकच दिसलं आणि त्यावर तोरिबिओ मामाच्या शेळीची घंटा टांगलेली होती. तो पुढे शोधत गेला. एका सिमेंटच्या क्रुसापाशी माणूस पाठमोरा बसला होता. बंदूक क्रुसाला टेकवलेली. किरिनो दर रविवारी एवारिस्तोपाशी येऊन बसायचा.

पायाखाली खडी वाजली. किरिनो वळला.

नासारिओची दाढी छातीपर्यंत आली होती, अंगावर चिंध्या, हातात समांदोकेचं पान. किरिनोच्या तोंडाचा रंग उडाला. त्याने छातीवर क्रूस काढला, मग पुन्हा काढला, आणि बसल्या बसल्या मागे सरकला. बंदूक हाताच्या अंतरावर होती, तिची त्याला आठवण राहिली नाही. त्या वेळी नासारिओ त्याला दगडानेही मारू शकला असता. पण नासारिओला त्याचं काहीच नव्हतं.

"आईला कुठे पुरलंय?" त्याने विचारलं.

किरिनो आणखी मागे सरकला. "कुणाची आई?"

"माझी. तू मार मला नंतर. आधी जागा दाखव."

किरिनोने त्याच्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं, लंगड्या पायाकडे बघितलं. भूत लंगडत नाही. हळूहळू त्याच्या चेहऱ्यात रक्त परत आलं.

"तुझी आई जिवंत आहे," तो म्हणाला. "मेलेला तू आहेस."

इकडे लिब्रादा राखणीला ओळीत आली होती. काठी हातात होती, आता ती काठी टेकूनच चालायची. पहिल्या झाडाशी ती थांबली. एक पान कापलेलं. कापल्या जागी रस अजून ओला. पोंगा नाही, बुडखा नाही, एकच उमललेलं पान. असं पान कोण कापतं आणि कुठे नेतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. इतके महिने किरिनोला दिसावी म्हणून तिने ती ओळ राखली होती. ती आणखी कुणाला दिसेल, हे तिला त्या ओल्या रसाकडे बघताना कळलं. ती मोडक्या बरगडीने पळत सुटली.

नासारिओला किरिनोच्या बोलण्यातलं अर्धंच ऐकू आलं होतं. "जिवंत आहे?" त्याने पुन्हा विचारलं.

"आहे."

नासारिओ हसला. पुढचे दात नव्हते, तरी लहान मुलासारखा तोंडभर हसला आणि पान हातातून खाली पडलं. किरिनोने हात लांब करून बंदूक घेतली आणि त्याच्या पोटात गोळी घातली. नासारिओ बसला. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

किरिनो दुसरी गोळी भरायला लागला. घाई नव्हती त्याला. लिब्रादा त्याच्या डाव्या बाजूने आली, ज्या बाजूला दाभण शिरलं होतं त्या बाजूने. त्याला ती दिसलीच नाही. काठीचं लोखंडी कडं त्याच्या कानामागे बसलं. तो क्रुसावर आपटला आणि खाली पडला. पडल्यावर त्याने उजवा डोळा फिरवून तिला शोधलं. ती दिसली तेव्हा कडं पुन्हा खाली येत होतं. त्यानंतर तिने किती वेळा मारलं, हे ती कधी सांगत नसे. गावातले लोक गोळीचा आवाज ऐकून आले तेव्हा ती अजून मारत होती आणि कडं काठीवरून निखळून पडलं होतं.

कुणीतरी दार उचकटून आणलं. नासारिओला त्यावर घालून झोपडीत नेलं. दोन्या कासिमिरा सुजल्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने कड्यावरून काय बघितलं, ते सगळं सांगितलं, मध्ये थांबत थांबत.

"मला वाटलं, तू गेलीस."

"मी कसली जाते, गाढवा," म्हातारी म्हणाली. दाढीतल्या काड्या ती एकेक काढत होती. "पाणी पितोस?"

पोटात गोळी लागलेल्याला पाणी देत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी तिने दिलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

किरिनोला गावाने जुन्या चुन्याच्या भट्टीत टाकलं आणि वरून भट्टी पेटवली. घोडा दूर नेऊन सोडला. जहागिरीची माणसं विचारायला आली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं की मुकादम खिंडीतून उत्तरेला गेला, नासारिओ जिवंत असल्याची कुणकुण लागली होती त्याला. एवारिस्तोबरोबर हसलेले ते दोन कुऱ्हाडवालेही तेच म्हणाले. पुढच्या वर्षी जमिनीची वाटणी करणारे अधिकारी आले आणि जहागीरच राहिली नाही, मग विचारणारंही कुणी उरलं नाही.

नासारिओला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं झोपडीशी आली. टोप्या हातात धरून उभी राहिली. प्रश्न अवघड होता. असा पूर्वी कधी पडला नव्हता. ओळ तर सुतकात होतीच, पण ते सुतक खोटं होतं. खरं मरण आता झालं. मग रिवाजाप्रमाणे पुढचा फुलोरा येईपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून, ओळ तशीच ठेवायची का? त्यांनी हळूच सुचवलं की गाव थोडाफार मका देईल.

लिब्रादा खाली बघत होती. ती हो म्हणणार होती, हे सगळ्यांना दिसत होतं. तिला आणखी मार हवा होता.

दोन्या कासिमिरा दाराच्या चौकटीला धरून उठली.

"त्याचं सुतक आम्ही पाळलं," ती म्हणाली. "आधी पाळलं, एवढंच. ते फिटलं."

 तिने नवं कडं बसवून घेतलेली काठी लिब्रादाच्या हातात दिली आणि तिच्या खांद्याला धरून उतार चढू लागली. वाटेत दोनदा बसली. ओळीत पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. एवारिस्तोने तोडलेलं ठेंगणं झाड वाळून राखाडी झालं होतं, त्याला कधी फूट आली नाही. बाकीच्यांची डोकी उमलून जड झाली होती. ती पानं आता निबर, वाखाला निरुपयोगी. पण प्रत्येक झुबक्याच्या मधोमध एक नवा पोंगा वर आला होता, बोटाएवढा फिकट हिरवा, कुठे मनगटाएवढा.

लिब्रादाने पहिल्या झाडावर कडं चढवलं. बरगडीमुळे तिला हात नीट उचलता येत नव्हता. कडं पोंग्याच्या बुडाशी, फार खाली, घसरलं होतं.

आईने मागून काठीला हात लावला आणि कडं वर उचललं.

"सावकाश," ती म्हणाली. "गाभ्याला लागेल."